मागवलेलं गाणं

द्रापेत्सोना, पिरेअस
११ जानेवारी १९६५

ती. मिनासदादास,
अर्गीरोचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि चॉकलेटं पोचली. चॉकलेटं बाबांनी खाल्ली नाहीत, पण वरचा चांदीचा कागद नखानं सरळ करून खिशात ठेवला. पत्राबद्दल काही विचारलं नाही. मी ते भांडी घासता घासता मोठ्यानं वाचलं, तर म्हणाले, भांडी जरा हळू घास. यावरून काय ते समज.

माझं लग्न ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस लागण्याआधी, २८ फेब्रुवारीला ठरलं होतं. कालपासून ते मोडल्यात जमा आहे.

एक गोष्ट तुला कधी कळवली नव्हती. तू जर्मनीला गेल्यापासून बाबा दर रविवारी चर्चमधून थेट याकुमिसच्या खानावळीत जातात आणि तुझं गाणं मागवतात. तेच, खिळ्यावरच्या कोटाचं. हमाल परगावी गेलाय आणि त्याची आई रोज सकाळी त्याच्या कोटावरची धूळ झटकते, ते. याकुमिस बुझुकी उचलून तारा छेडतो, आणि बाबा नाचायला उठत नाहीत. फरशी रिकामी राहते. गाणं संपेपर्यंत कोणी घासही घेत नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, हे मिनासचं आहे, तो येऊन नाचेल तोवर त्याच्यासाठी राखलेलं आहे. तू घर सोडून गेलास म्हणून तुझ्याशी बोलत नाहीत ते वेगळं.

काल थिमिओस, माझा होणारा नवरा, आमच्याबरोबर होता. तो डोंगरातला, एपिरसचा गवंडी. त्यांच्याकडे गाणं वाजत असताना अंगण मोकळं राहिलं तर यजमानाची मान खाली जाते. सासऱ्यानं गाणं मागवलंय आणि कोणीच उठत नाही, हे बघून तो कासावीस झाला. मी त्याची बाही धरली, तर त्याला वाटलं मी लाजतेय. तो उठला आणि नाचला.

याकुमिसनं मध्येच वाजवणं थांबवलं. दुसऱ्यानं मागवलेल्या गाण्यावर पाय ठेवला म्हणून आपल्या बंदरावर सुरे निघालेत, ते तुला सांगायला नको. बाबांनी पेला पालथा घातला आणि चालू लागले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, की माझ्या मुलाच्या जागेवर जो उभा राहिला तो माझा उंबरा ओलांडणार नाही.

मी थिमिओसला रीत समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग तिथं पाटी तरी लावा.

दादा, तू ये. लग्नाला म्हणून ये. एकदा ते गाणं नाचून टाक, म्हणजे फरशी मोकळी होईल आणि मीही.

लोभ आहेच. त्यातला थोडा या खेपेला बाबांच्या नावानं पाठव.

तुझी,
अर्गीरो


मानहाइम
१९ जानेवारी १९६५

चि. अर्गीरो हिस,
मिनासचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, थिमिओसच्या पाटीचं. मग हसू गेलं.

बाबा असं काही करत असतील हे मला ठाऊक नव्हतं. स्टेशनवर त्यांनी माझी बॅगसुद्धा उचलली नव्हती. मला वाटायचं, ते मला विसरायच्या खटपटीत असतील.

इथं बर्फ आहे. मला आता बसून करायचं काम दिलंय, सुटे भाग मोजायचं, त्यामुळे अंग दुखत नाही. वसतिगृहात आमच्या मजल्यावर एक रेकॉर्ड प्लेअर आहे. दिवसभर कारखान्याच्या ज्या भोंग्याला शिव्या देतो, त्याच भोंग्याचं गाणं रविवारी लावून बसतो. भाडं, चूल, पावसात गळणारं छप्पर, आईनं धुतलेला सदरा. घरी असताना यातलं काही गाण्याजोगं वाटलं नव्हतं. खिळ्यावरच्या कोटाची रेकॉर्डही आहे. ती लागली की मी चहा करायला जातो.

लग्नाला येणं जमेलसं दिसत नाही. या दिवसांत रजा देत नाहीत. बाबांचा राग उतरेल. थिमिओसला सांग, धीर धर.

तुझ्या लोभाची मला इथं गरज आहे, तेव्हा तो जपून खर्च कर.

तुझा,
मिनास


द्रापेत्सोना
२६ जानेवारी १९६५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रजा देत नाहीत म्हणतोस. पोलिक्सेनीमावशीचा स्टाथिस तुझ्याच कारखान्यात आहे, त्याला नाताळात दिली. तो आला होता. तुझी चौकशी केली तर बरा आहे म्हणाला आणि बुटाच्या नाड्या बांधत बसला. नाड्या बांधलेल्याच होत्या. तिथं कोणी बाई असेल तर तसं सांग, मी भांडणार नाही. खोटं मात्र सांगू नकोस.

थिमिओस माफी मागायला आला होता. बाबांनी दार उघडलं नाही. त्यानं बाहेर उभं राहून हाका मारल्या, मग दारातली तुटकी पायरी बघितली, जाऊन सिमेंट आणलं, पायरी बांधली आणि गेला. आता बाबा त्या पायरीला पाय न लावता, टांग टाकून आत-बाहेर करतात. या वयात. गल्लीतली पोरं नक्कल करतात. मला हसू येतं आणि मग रडू येतं.

थिमिओसच्या आईनं निरोप पाठवलाय, की मुलाला असं किती दिवस उंबऱ्याबाहेर उभं करणार? तिचंही चुकलं असं नाही. त्यांच्या गावात त्याला मुली सांगून येतायत. तो जाणार नाही म्हणतो. पण मान खाली घालून म्हणतो.

दादा, तू का येत नाहीस?

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

अर्गीरो


मानहाइम
३ फेब्रुवारी १९६५

चि. अर्गीरो हिस,
अनेक आशीर्वाद.

बाई नाही. असती तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये माझा डावा पाय सापडला. गुडघ्याखाली आता लाकडाचा आहे. चांगला आहे, जर्मन आहे. काठी घेऊन चालता येतं. स्टाथिसला मी शपथ घातली होती, त्याला बोल लावू नकोस.

ईस्टरला येऊन सांगीन असं मनात होतं. दाराशी उभा राहीन, बाबा बघतील, चिडतील, संपेल. मग तुझं पत्र आलं. चार वर्षं दर रविवारी एक फरशी माझ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे, हे कळलं, आणि त्या दिवसापासून मला येववत नाही. शिव्या देणाऱ्या बापासमोर मी एका पायावर उभा राहिलो असतो. वाट बघणाऱ्यासमोर कसा राहू?

तुझं लग्न माझ्यापायी मोडू देणार नाही. सोबत याकुमिसच्या नावची चिठ्ठी आहे. ज्याचं गाणं त्याला ते दुसऱ्याला देता येतं, हीही आपल्याकडचीच रीत. रविवारी त्यानं ती मोठ्यानं वाचावी. बाबांना पायाचं सांगू नकोस. तू एकटी सांभाळ.

माझा लोभ पूर्वीइतकाच आहे, त्यातलं काही कापलं गेलेलं नाही.

तुझा,
मिनास


द्रापेत्सोना
१५ फेब्रुवारी १९६५

ती. दादास,
अर्गीरोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कोळशाच्या कोठीत बसून वाचलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. कालचं लिहिते.

थिमिओसला मी दुसऱ्या टोकाच्या टेबलाशी बसवलं होतं. बाबांनी गाणं मागवायच्या आत याकुमिस उभा राहिला आणि त्यानं चिठ्ठी वाचली: मानहाइमहून मिनास इओर्दानूनं मागवलं आहे, खिळ्यावरचा कोट, बहिणीचा नवरा थिमिओस यानं नाचावं. थिमिओस जागचा हलला नाही. तो बाबांकडे बघत राहिला. शिकलाय आता.

बाबांनी चिठ्ठी मागून घेतली. स्वतः वाचली. तुझं अक्षर आहे ना, ते बघितलं असावं. मग डोळे मिटून होकाराची मान खाली केली. तेवढं पुरलं.

तो नाचला, डोक्यावर विटांचं घमेलं असल्यासारखा. बाबा उठले, फरशीच्या कडेला एक गुडघा टेकून बसले आणि ठेक्यावर टाळ्या वाजवत राहिले. त्यांनी वर बघितलंच नाही. सारा वेळ त्याच्या पायांकडे बघत होते.

बाबा घरी आले. दारात, त्या पायरीशी थांबले. मग म्हणाले, “कुठला पाय?”

मी काही सांगितलं नव्हतं, दादा, आईची शपथ. ते म्हणाले, धडधाकट माणूस आपलं गाणं देऊन टाकत नाही. मी डावा म्हटलं. ते पायरीवर बसले. पहिल्यांदाच त्या पायरीला टेकले. अंधारेपर्यंत आत आले नाहीत.

आज सकाळी त्यांनी स्वतः जाऊन थिमिओसला बोलावून आणलं आणि सांगितलं, तू बांधलेली पायरी फोड. त्याचा चेहरा पडला. मग बाबांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. इथून इथपर्यंत उतार हवा, काठी घेऊन चालणाऱ्याला चढता येईल असा, आणि लग्नाच्या आत हवा. मी हे लिहितेय तेव्हा बाहेर हातोडा चाललाय. बाबा शेजारी उभे राहून त्याच्या प्रत्येक घावाला नावं ठेवतायत, आणि तो ‘हो बाबा’ म्हणतोय.

तू येशील की नाही, मला माहीत नाही. रागावशील कदाचित. खाली बाबांना जागा सोडली आहे.

लोभ उंबऱ्यापर्यंत आणून ठेवलाय. पुढचं तुझ्याकडे.

तुझी,
अर्गीरो

चि. मिनास यास, बापाचे आशीर्वाद.
गाणं थिमिओसकडे राहू दे. बरा नाचत नाही, पण शिकेल. तू बसून ऐक. मीही चार वर्षं बसूनच ऐकतो आहे. माझ्या शेजारी खुर्ची आहे.