चहूकडून हाका

४ मार्च

दादा आयसीयूत! अपेंडिक्स पोटातच फुटलं. ऑपरेशन झालं, पण जंतूंचं विष रक्तात भिनलंय. "होईल बरं, होईल बरं" करत दुखणं अंगावर काढलं शहाण्यानं. वहिनी बाहेर बाकावर. पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. मी सांगितलं नाही तिला.

५ मार्च

वहिनीनं विचारलं, "तू लॅबमध्ये यावरच काम करतेस ना? मग त्याच्या पांढऱ्या पेशी करतायत तरी काय?"

सांगितलं. कुठली पेशी फुटली की तिच्यातलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर सांडतं. पांढऱ्या पेशींना ती हाक. जिकडे ते दाट, तिकडे त्या धावतात. दादाच्या अंगात मात्र ते सगळीकडेच सांडलंय. चहूकडून हाका — जायचं कुठे?

"म्हणजे भांबावल्यात बिचाऱ्या," वहिनी म्हणाली.

६ मार्च

तपासणीतून उरलेलं दादाचं रक्त डॉक्टरांनी मला दिलं. वहिनीनंच गळ घातली होती.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं. एका बाजूला आमिष म्हणून जंतूंचा अर्क ठेवला, तरी पेशी ढिम्म! जागच्या जागी चुळबुळ नुसती. इतकी वर्षं पेशी बघतेय, पण कुणाच्या तरी म्हणून आज पहिल्यांदा पाहिल्या.

मग आमचं एन्झाइम घातलं — सांडलेलं एटीपी खाऊन टाकणारं. थोडा वेळ काहीच नाही. आणि एक हलली. मग तिच्यामागे दुसरी. चालल्या! दादाच्या पेशी चालल्या! तिथेच हमसून हमसून रडले.

आणि मूर्खासारखा वहिनीला फोन केला.

७ मार्च

"मग दे की त्याला!"

"माणसाला अजून कुणी दिलेलं नाही, वहिनी. उंदरांवरचंही अर्धवट आहे."

"उंदरांचं होईपर्यंत थांबणार आहे का तो?"

आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बशीत गोंगाट कमी झाला, ठीक. पण माणसाच्या अंगात हाकच बंद पडली तर? मग कोण धावून येईल?" डॉक्टरांनी तर वाक्यही पुरं करू दिलं नाही.

दोघांचंही बरोबर आहे. कपाळ आपटून घ्यावंसं वाटतं!

८ मार्च

किडनीही थकली. मशीन लावलं.

९ मार्च

एन्झाइमची कुपी पर्समध्ये घालून नेली. हो, नेली! दाराशी वहिनीनं पर्सकडे बघून हात जोडले.

आत नर्स पाठमोरी. सलाइनची नळी हाताशी. दादाचा चेहरा इतका सुजलेला — रस्त्यात दिसता तर ओळखला नसता.

नाही जमलं. भित्री म्हणून की शहाणी म्हणून, देव जाणे. मागच्या जिन्यानं निघाले. वहिनीला तोंड दाखवलं नाही. कुपी परत लॅबच्या फ्रीजमध्ये.

१० मार्च

पोट पुन्हा उघडलं. आतड्यांमागे पू दडून बसला होता, तो धुऊन काढला. सर्जन म्हणाले, "आता वाट बघायची." दुसरं काय करतोय आम्ही!

१३ मार्च

दादानं डोळे उघडले. पाणी मागितलं!

वहिनीनं मला घट्ट मिठी मारली. कानाशी म्हणाली, "दिलंसच ना शेवटी! मला ठाऊक होतं."

"नाही, वहिनी. नाही दिलं मी."

तिचे हात माझ्या पाठीवरून खाली आले.