हात धरल्याशिवाय रस्ता नाही

१९ सप्टेंबर, गुरुवार

दैवशाला वारल्यानंतर आज पहिल्यांदा शिवाला शाळेत सोडलं. वर्गात लेकीला सांभाळत दैवशाला रोज बसायची तो पाट तिथंच आहे – शिवाच्या शेजारी, भिंतीला लागून. शिवानं पाटावर हात ठेवला आणि दाराकडं बघत राहिली. लेक दहा वर्षांची, पण बोलत नाही. आई कुठं, हे तिला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तसाच निघालो. तुळजापूरला लॉजवर कामाला पोचायला उशीर झाला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

हेडसरांचा फोन. काम टाकून आलो. शिवा व्हरांड्यात उभी, परकर ओला. हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तरेश्वरराव, तुमच्या मंडळी होत्या तोवर आम्ही कधी काही बोललो का? आता हिला बाथरूमला कोण नेणार? मी नेऊ?" दोघं मास्तर हसले. अपंग मुलांना शिकवायला मंगळवारी येतात त्या सोनाली मॅडम कोपऱ्यात होत्या. त्या हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत.

हेडसरच पुढं म्हणाले, "गृहाधारित करून टाकू. नाव शाळेतच राहतं, मॅडम घरी येऊन शिकवतात. तुमची फक्त सही लागते."

विचार करतो म्हणालो.

येताना हायवे. शिवा पांढऱ्या पट्ट्यावर थांबली, डावा हात पुढं. दैवशालानं वर्षभर खपून हे शिकवलं होतं – हात धरल्याशिवाय रस्ता नाही. माझी चप्पल अडकली म्हणून मी मागं थांबून वाकलो होतो. तेवढ्यात कुणी टेम्पोवाला पलीकडं निघाला होता, त्यानं तिचा हात धरला. ती गेली त्याच्याबरोबर. तोंडाकडंसुद्धा बघितलं नाही तिनं! मी पळत गेलो.

दैवशाला असती तर तिनं पुढचंही शिकवलं असतं. कुणाचा धरायचा ते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सही केली. परत तिघांसमोर उभं राहायची ताकद नव्हती. हेडसरांनी आज खुर्ची दिली, चहा मागवला.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

लॉज भरलं. पहाटे निघतो, रात्री येतो. जाताना बाहेरून कडी लावतो. शेजारच्या मथुराबाई अधूनमधून उघडून शिवाला बघतात, जेवू घालतात, परत कडी लावतात.

आज म्हणाल्या, "लेकराला कोंडून जातूस व्हय रं? शेरडाला बी यापरीस लांब दावं आसतंय."

मी दाराची कडी काढली.

मग म्हणाल्या, "रोज शाळंच्या टायमाला दप्तर घिऊन दाराम्होरं हुबी ऱ्हाती बघ. लई येळ. बस म्हनलं तर बसत न्हाय."

५ ऑक्टोबर

दाराला आतून, खालच्या बाजूला नखांचे ओरखडे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सोनाली मॅडम पहिल्यांदा घरी आल्या. त्या येणार म्हणून लॉजवर उशिरा येतो सांगितलं होतं. आठवड्यातून एकदाच येणार, तेही तासभर. बाकीचे दिवस कडी.

शिवाला मणी ओवायला देत खाली बघूनच म्हणाल्या, "भाऊ, सही का केली तुम्ही? पालक नको म्हणाले तर असं कुणाला घरी बसवता येत नाही. अठरा वर्षांपर्यंत शाळेत बसायचा हक्क आहे तिचा. बाथरूमला नेणारं माणूस शाळेनं बघायचं. वहिनी चार वर्षं बसल्या, म्हणून कुणी विचारलंच नाही."

मी म्हणालो, तुम्ही होता की त्या दिवशी.

मॅडमच्या हातातला दोरा थांबला. "मी कंत्राटी आहे, भाऊ. माझं नाव कुठं घेऊ नका."

संमती मागं घेता येते म्हणाल्या. अर्ज द्या, हेडसर नाही म्हणाले तर पंचायत समितीत द्या. हे सगळं दैवशालाला माहीत असणार. मी तिला कधी विचारलं नाही. ती आणि शिवा, त्या दोघींचं ते चालायचं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अर्ज लिहून झाला. खिशात आहे. पण उद्या कोजागिरी, दोन दिवस लॉजवर मुक्काम, शिवाकडं मथुराबाई बघतील. मालक म्हणतात, पौर्णिमेला रजा मागणारा माणूस मला नको. शुक्रवारी सकाळी हेडसरांच्या हातात देणार. काय बोलायचं ते पाठ केलंय. पाट तिथून हलवू नका, असंही सांगायचं आहे.

सोलापूरकडून देवीला चालत येणारी माणसं सुरू झाली. रस्ता भरून चाललेत. गाड्या बंद केल्यात. तेवढीच एक काळजी कमी.

घराबाहेर पडताना शिवानं डावा हात पुढं केला. मी तो खाली केला आणि कडी लावली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पोलीस चौकीत बसलोय. शिवा कालपासून घरी आलेली नाही. काल मथुराबाई चालणाऱ्यांना चहा वाटायला गेल्या, कडी लावायची राहिली. शिवा दप्तर घेऊन निघाली. कुणाच्या तरी हाताला धरून रस्ता ओलांडला आणि शाळेत वेळेवर पोचली. पाटाशेजारी जाऊन बसली.

हेडसरांनीच हे सांगितलं. "पण ती गृहाधारित. वडिलांची सही आहे. वर्गात कशी ठेवणार? खिचडीवाल्या मावशींना सांगून परत पाठवली."

मावशींची खिचडी चुलीवर होती. त्यांनी शिवाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. म्हणतात, पोरगी पट्ट्यावर हात पुढं करून शहाण्यासारखी उभी राहिली. गर्दीतल्या कुणीतरी तो धरला, म्हणून त्या माघारी वळल्या.