शिबपूरच्या घराचं देवघर

टॉलीगंज, कोलकाता
अष्टमी

प्रिय ऋता,

घर विकलं, हे तुला फोनवर सांगितलंच. रजिस्ट्री ऑफिस दुर्गापूजेच्या सुट्टीला बंद होण्याच्या आदल्या दुपारी सह्या झाल्या, आणि किल्ल्या देऊन मी हावड्याच्या बाजूने शेवटची होडी धरून हुगळीच्या अलीकडे आले. तुला ‘झालं’ म्हटलं, तर तू लगेच विचारलंस, मग आता? मी दारावर कुणी आल्याचं खोटंच सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. उत्तर नीट द्यायचं होतं, म्हणून हे पत्र.

आपली पैज आठवते ना? जानेवारीत नाशिकला तू मला तुझ्या नव्या फ्लॅटमधली माझी खोली दाखवलीस, आणि मी म्हणाले की शिबपूरला एक जुनं घर घेतलंय, ते नीट करून विकणार आहे. तुझा चेहरा पाहण्यासारखा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय खूळ, म्हणालीस. मग ठरलं, दसऱ्यापर्यंत घर विकलं गेलं नाही तर मी गपगुमान सामान बांधून कायमची तुझ्याकडे यायचं. तुझे अजेयराव साक्षीदार. विकलं गेलं तर काय, हे मात्र कुणी ठरवलंच नाही, कारण ते विकलं जाईल असं तुम्हा दोघांना मुळी वाटतच नव्हतं.

मला वाटत होतं. तुझ्या बाबांच्या बँकेच्या बदल्यांत मी अकरा क्वार्टर्स लावल्या आणि अकरा मोडल्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा पहिला नियम. तुझी शाळेतली बक्षिसंसुद्धा मी कपाटावर टेकवून ठेवायचे. पण ओल कुठून येते, नळ कुठे गळतो, कुठला रंगारी पाणी घालून रंग लावतो, हे त्या अकरा घरांनी मला शिकवलं. कोलकाता ही बाबांची शेवटची बदली. ते गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की मी आता परतणार. मी मात्र खिळे ठोकायला निघाले.

घर दोन मजली, अरुंद, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं. लाल सिमेंटची जमीन इतकी सुंदर की दलाल तिच्यावर टाइल्स घाला म्हणाला तेव्हा मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. मिस्त्री मिळाले नेपालदा. साठीचे, शांत, दिवसात तीन वेळा चहा आणि एक वाक्य. मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. ओल गेली, वायरिंग नवं झालं, जिन्याला उजेड आला. गच्चीवर एक खुराड्याएवढी खोली होती, ते जुन्या मालकांचं ठाकूरघर, म्हणजे देवघर. मी म्हटलं, पाडा, गच्ची मोकळी दिसेल. नेपालदांनी विचारलं, खरंच पाडायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दादा, घर माझं आहे, तुम्ही हातोडा चालवा. आणि देवघर केलं कुठे, तर स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी, सातारला माझ्या आईचं होतं तसंच. पांढरा संगमरवर, सागवानी दारं, छोटी घंटा. आई भाजी फोडणीला टाकता टाकता स्तोत्र म्हणायची. मला ती जागा इतकी आवडली की पहिला दिवा मीच लावला.

मग लोक यायला लागले. जमिनीवर खूश, खिडक्यांवर खूश, आणि स्वयंपाकघरात शिरले की लगेच बाहेर. गोड हसायचे, चहाही घ्यायचे आणि जायचे ते कायमचे. सात कुटुंबं अशी आली आणि गेली. श्रावण संपला, गणपती झाले. तू माझ्या खोलीच्या पडद्यांचे फोटो पाठवत होतीस, फिक्या गुलाबी रंगाचे. तुला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते. मी घाबरले होते ऋता.

आठवी आली एक म्हातारी, मुलाला घेऊन. सगळे त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, माझ्या देवघराला हात जोडले, मग शेगडीकडे पाहिलं. या शेगडीवर काय काय शिजवायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी ठसक्यात म्हटलं, सगळं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि गुडघे दुखत असताना दोन जिने चढून मला गच्चीवर नेलं. इथे आधी काय होतं, विचारलं. ठाकूरघर, मी म्हटलं. माझ्या पाठीमागे नेपालदा आकाशाकडे बघत उभे. मग मासीमा हळू आवाजात म्हणाल्या, रोज दोन वेळा मोहरीच्या तेलात मासा तळायचा, तोही ठाकुरांच्या नाकासमोर? आंघोळ करून ओल्या केसांनी मी त्यांच्याकडे वर जाणार, त्यांना खाली धुरात कसं बसवू?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षं या शहरात राहतेय. शेजाऱ्यांच्या पूजेला गेले, भोग जेवले, पण कुणाच्या गच्चीपर्यंत कधी चढले नाही. आपल्या घरी मासा नाही, म्हणून मासा खाणाऱ्याचा देव कुठे बसतो हा प्रश्नच मला पडला नाही. दुसऱ्यासाठी घर करायला निघाले आणि केलं सातारचं.

नेपालदांना विचारलं, दोनदा विचारलंत, तिसऱ्यांदा का नाही विचारलं? म्हणाले, घर तुमचं होतं. मग कोळशाच्या जुन्या खोलीत गेले आणि ठाकूरघराचं दार घेऊन आले. पाडताना त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. देवाचं दार फेकत नाहीत, एवढंच म्हणाले. अठरा दिवसांत गच्चीवर खोली उभी राहिली, तेच दार लावून. घर मासीमांनीच घेतलं. संगमरवरी कोनाड्यात त्या आता लोणच्याच्या बरण्या ठेवणार आहेत, आणि घंटा त्यांनी मला परत दिली.

तर मग आता? ऋता, मी नाशिकला राहायला येणार नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी पाघळून हो म्हणाले असते. तू माझी खोली फार मायेने केलीस. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगासमोर टीव्ही, गुलाबी पडदे. पण मी सकाळी उठून काय करते, हे तू मला विचारलं नाहीस, आणि मलाही ते तिथे उभं राहून सांगता आलं नाही. मी शिबपूरला जे केलं तेच तू केलंस, तितक्याच प्रेमाने. तुला बोल लावायला मला तोंडच नाही. तुझी आठवण रोज येते, तरी येणार नाही. दिवाळीला पंधरा दिवस येईन, तेव्हा ती खोली पाहुण्यांची समज. आणि ऐक, मासीमांनी इसार दिला तेव्हाच मी इथून तासाभरावर, बजबजला, नदीजवळ एक छोटं घर घेतलंय. बाकीची घरं घेईन, नीट करीन, विकीन, पण हे विकायचं नाही, हे माझं. भिंतीत चार खिळे ठोकूनही झाले, तुझी बक्षिसं टांगलीत. वर एक खोली तुझ्यासाठी बांधायची आहे. तिची खिडकी कुठल्या बाजूला हवी ते कळव. नेपालदांना सांगून ठेवलंय, तुझं उत्तर येईपर्यंत तिथे एक वीटही लावायची नाही.

तुझीच,
आई