बांधावरची माझी झाडं

८ जुलै १९८४, रविवार
आजपासून मी प्रगतिशील शेतकरी. हिंगण्याजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर दोनशे रोपं लावली. म्हणजे धोंडबानं लावली, मी सुपरव्हिजन केलं. सरकारी योजना फर्स्ट क्लास आहे. वर्षभरानं साहेब येऊन बघणार. जितकी झाडं जिवंत, तितक्यांचेच पैसे. आळशी लोकांना बरा चाप बसला.
विश्वनाथदादाला शेत गोदामवाल्याला विकायचं आहे. बाबांचं शेत. म्हटलं, वर्षभर थांब, बांधावरूनही कमावून दाखवतो. थांबला.

९ जुलै
धोंडबा आमचं शेत बटईनं करतो, पीक अर्धं-अर्धं. झाडांच्या पैशात त्याचा हिस्सा किती, विचारत होता. समजावलं: कापसाची पऱ्हाटी दोघांची, झाडं एकट्या मालकाची. बरं म्हणाला. माणसानं आधीच स्पष्ट बोलावं, पुढे कटकट राहत नाही.

२ सप्टेंबर, रविवार
दर रविवारी शेतावर जाऊन झाडं बघायचा निश्चय. पाऊस असल्यामुळे पुढच्या रविवारपासून.

१६ सप्टेंबर, रविवार
सायकल पंक्चर. शिवाय झाडांचे फार लाड करू नयेत. मुळं खोल जात नाहीत.

२६ नोव्हेंबर
ऑफिसात सगळ्यांना योजना समजावली. चंद्रभाननं विचारलं, झाडं केवढी झाली? जळतो लेकाचा.

१४ एप्रिल १९८५
मरणाचं ऊन. सक्करदऱ्याच्या घरून हिंगण्याला सायकलनं जाणं म्हणजे आत्महत्याच. बायको म्हणाली, झाडायले पाणी कोण देऊन राहिलं? म्हटलं, धोंडबा आहे ना. तर म्हणते, त्यानं काहून द्यावं? बायकांना शेतीतलं कळत नाही.

१० जुलै
साहेब आले. बांधावर नुसत्या काड्या. तीन हिरवी झाडं दिसली म्हणून मी पुढे धावलो, तर त्या आपोआप उगवलेल्या बाभळी निघाल्या. योजनेत बसत नाहीत.
विहिरीजवळची वांगी मात्र टवटवीत. साहेबांसमोरच धोंडबाला झापलं. तो शांतपणे म्हणाला, वांगे अर्धे माहे होते मालक, म्हून पाणी देलं. झाडं तुमची. तुमच्या मालाले मी हात कसा लावू? तुम्ही रविवारी येऊन द्यान म्हून बादली भरून ठेवत होतो.
साहेब हसले. मला फार लागलं. योजनेतच खोट आहे, उन्हाळ्याचा विचारच केलेला नाही.

२१ जुलै, रविवार
काल विक्रीच्या कागदावर सही केली. दादानं माझ्यासाठी चहा मागवला, त्याचंच जास्त वाईट वाटलं. बाबांचं शेत गेलं.
आज धोंडबाला सांगायला शेतावर गेलो. तण काढायचा डवरा थांबवून त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, पेरणी झाली हाये मालक, औंदाचा कापूस तरी निघू देतील का? देतील, म्हटलं. गोदामवाल्याची माणसं मंगळवारी शेत सपाट करायला येणार आहेत. धोंडबा पुन्हा डवरायला लागला.