कीमोरावांच्या आईचा मेळ

बेस्ट, नेदरलँड्स,
मे २०२०

माझी प्रिय इरा,

हे पत्र तुला फोनवरच वाचावं लागेल. टपालाच्या विमानांचाही काही भरवसा नाही म्हणतात, म्हणून मी कागदावर लिहितेय आणि तुझा बाबा फोटो काढून पाठवणार आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोन कानाला लावायचा नाही असं तू ठरवलंयस ना, मग डोळ्यांना तरी लाव. पुण्याहून मेधामावशी सांगते, तू जेवतेस, तिला भांडी घासू लागतेस, युनिव्हर्सिटीचं कामही करतेस, पण इथला विषय निघाला की उठून आत जातेस. माझेही फोन तू "आजी, आवाज तुटतोय गं" म्हणून ठेवलेस. बाळा, आवाज तुटत नव्हता, मला सगळं नीट ऐकू येत होतं. पण रागावले नाही मी. तव्याला हात पोळलेलं पोर चार दिवस चुलीकडे बघत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

आधी घरचं सांगते. तुझ्या बाबाचं ऑफिस आता जेवणाच्या टेबलावर भरतं. मी कुकर लावला की तो हातानं "थांब, थांब" करतो, कारण पलीकडे त्याचा साहेब बोलत असतो. साहेबानं एकदा शिट्टी ऐकली आणि आग लागली का म्हणून विचारलं. तुझी आई आल्बर्ट हाइनच्या दुकानातून आणलेली भाजी साबणानं धुते, दुधाची खोकी पुसते, आणि मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. माझी साखर, माझं वय, सगळं तिच्या डोक्यात बसलंय. तिचं चुकत नाही. कार्निव्हल झाला, लोक नाचले-गायले, आणि त्यानंतर आपल्या या ब्राबांटात जे सुरू झालं ते तू बातम्यांत बघितलंच असशील. मी खिडकीपाशी बसते आणि हात चोळते. मागच्या अंगणातलं तुमचं ते सफरचंदाचं झाड यंदा असं फुललंय की बघवत नाही. त्याला काय कळतं!

कुंपणापलीकडचं अंगण मात्र मुकं आहे. तुला आठवतं, तू नऊ वर्षांची असताना इथं आलीस, तेव्हा डच येत नाही म्हणून शाळेतून येऊन त्या कुंपणापाशी फतकल मारून बसायचीस. मी आले त्याच्या पुढच्या वर्षी, तुझे आजोबा गेल्यावर. मी विचारलं, ही पोर तिथं काय करते? तुझी आई म्हणाली, "पलीकडचे म्हातारबा गिटार वाजवतात, ते ऐकते." मला आधी वाटलं, गिटार म्हणजे ते उड्या मारत वाजवायचं वाद्य. मग एक दिवस मीही कुंपणापाशी उभी राहिले. अंगठा खालच्या सुरात तंबोऱ्यासारखा एकसारखा चालू आणि बाकीची बोटं वर आपल्याच नादात गाणं म्हणतायत. मी आपली भजनी मंडळात ऐकून-ऐकून पेटी शिकलेली बाई, चौथी पास. मला त्यातलं शास्त्र काय कळणार? पण वारा आडवा न येता अंगावरून जावा तसं वाटलं, एवढं खरं.

तू त्यांना कीमो म्हणायचीस, इथल्या रीतीनं. मला ते जमेना, म्हणून मी कीमोराव म्हणू लागले आणि त्यांना ते इतकं आवडलं की दारावरच्या पाटीवर लिहायला निघाले होते. हवाई बेटावरचा माणूस, जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला, रॉटरडॅमला आजारी पडून उतरला आणि ज्या नर्सनं औषध पाजलं तिच्याशीच लग्न करून इथलाच झाला. ती कॉरीबाई मी पाहिली नाही. मूलबाळ नाही. तू आणि तुझ्यासारखे गिटार शिकायला येणारे पाच-सहा जण, हीच त्यांची पोरं. मला ते टूटू म्हणायचे, त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात म्हणे. माझं इंग्रजी महिनाअखेरच्या तेलासारखं, पुरवून पुरवून वापरायचं. त्यांचं मराठी म्हणजे "बस, पुरे" आणि "अजून". तरी आमचं कधी अडलं नाही.

आणि ते अळू! मी आइंडहोवनच्या दुकानातून अळू आणून फतफतं केलं होतं आणि तुझ्या हाती वाटीभर पाठवलं होतं. तू पळत परत आलीस, "आजी, ते रडतायत." मी घाबरले, म्हटलं खाज सुटली की काय घशाला, चिंच कमी पडली असेल. तर त्यांच्याकडे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आधी अळू जन्मलं, मग माणूस, असं त्यांची आई सांगायची. इतक्या वर्षांनी थोरला भाऊ वाटीत भेटला म्हणून रडत होते. त्या दिवसापासून आपल्या घरात अळू शिजलं आणि त्यांना गेलं नाही असं झालं नाही.

आई म्हटलं की त्यांचं सगळं यायचं. आपल्याकडे तंबोरा लावायला बसले की खुंट्या पिळून तार चढवतात. तुझ्या गुरूंची विद्या उलटी, तारा सैल सोडून त्यांचा मेळ बसवायचा. एकेका घराण्याचा वेगळा मेळ, कुणी कुणाला सांगायचा नाही. त्यातले बरेच त्यांनी तुला दिले. कुठल्या मेळाला काय नाव, हे तू मला कोथिंबीर निवडता निवडता सांगायचीस. फक्त आईचा मेळ दिला नाही. कॉरीबाईंच्या तिथीला तेवढा वाजवायचे, तोही आमच्याकडे पाठ करून. तू खिडकीखाली जाऊन बसायचीस. मागल्या वर्षी फोनमध्ये ते सूर मोजायचं यंत्र घेऊन बसलीस आणि त्यांनी आतून खिडकी लावून घेतली, आठवतं? वाजवून झालं की उठायच्या आधी सगळ्या खुंट्या सैल करायचे. भराभर, नळ बंद करावेत तशा. तुझ्यासमोर वाजवलेलं साधं गाणं असो की आईचा मेळ, तारा उतरवल्याशिवाय गिटार कधी पेटीत गेली नाही. मी एकदा विचारलं, रोज लावायचं नि रोज मोडायचं, कंटाळा येत नाही? तर म्हणाले, "टूटू, तू रात्री घराला कुलूप लावतेस ना?"

तू पुण्याला निघालीस त्या सकाळचं मी काढणार नव्हते. पण काढल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तू त्यांच्या पाया पडलीस आणि तिथंच विचारलंस, आता तरी द्याल का? ते म्हणाले, आल्यावर बघू. आणि तू दारातूनच म्हणालीस, "ठेवा तुमच्या आईला कुलपात." बॅग ओढत गेलीस, मागं वळून पाहिलं नाहीस. मेधामावशीकडच्या लग्नाचे आठ दिवस, मग परत येणार होतीस. कुणाला ठाऊक होतं की आभाळालाच कुलूप लागणार आहे! तू गेल्यावर ते माझ्याकडे बघून हसले गं. म्हणाले, हाच मेळ मागताना मी माझ्या मामाला याहून वाईट बोललो होतो. हे तुला सांगायचा मी फोनवर किती प्रयत्न केला. तू पुढचं ऐकूनच घेत नव्हतीस.

मग त्यांना खोकला सुरू झाला. इथला घरचा डॉक्टर, तो हाउसआर्ट्स, फोनवरच तपासायचा. मी कुंपणावरून डबा ठेवायची आणि लांब सरायची. ते डबा उचलायचे आणि हात जोडायचे. ज्या सकाळी रुग्णवाहिका आली, त्याच्या जरा आधी ते मागच्या दारानं आले. मी काचेआड. गिटारची पेटी त्यांनी आपल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवली, कारण अंगणात ओल होती. तोंडावर रुमाल. माझ्याकडे बघून तुझं नाव घेतलं, तेवढं ओठांवरून कळलं. मग हातानं खुंट्या पिळल्याची खूण केली, ती नेहमीची नळ बंद करायची, आणि मान हलवली. नाही, नाही. दोनदा. मला वाटलं, म्हणतायत की अंगात त्राण नाही, आता वाजवणं संपलं. मी काचेला हात लावला. त्यांनीही लांबूनच हात वर केला. बस, एवढंच.

आइंडहोवनच्या हॉस्पिटलात जागा नव्हती, म्हणून उत्तरेकडे कुठंतरी हलवलं. नात्याचं कुणी नाही म्हणून त्यांनी आपल्या घरचा नंबर दिला होता. एका नर्सचा फोन आला, म्हणाली, ते बोलू शकत नाहीत, पण मी फोन त्यांच्या कानाशी धरते, तुम्ही बोला. तुझ्या बाबानं फोन माझ्या हातात दिला. इरा, मला इंग्रजीचा एक शब्द आठवेना. पुरवून ठेवलेलं सगळं तेल सांडल्यासारखं झालं. शेवटी मराठीतच बोलले. म्हटलं, कीमोराव, अळू आणलंय, चिंच बेतानं घातलीय, या जेवायला. पलीकडून फक्त यंत्राचा श्वास येत होता. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मला अंत्यविधीला जाता आलं नाही. मोजकीच माणसं, त्यात माझं वय. बाबानं लॅपटॉपवर लावून दिलं, तर मध्येच चित्र गोठलं. फुलं, शवपेटी आणि कुणीतरी अर्ध्यात उचललेला हात. तो हात खाली आलाच नाही. मात्र त्यांची गाडी आपल्या गल्लीतून नेली. सगळे आपापल्या दारात उभे होते. समोरची ती कुणाशी न बोलणारी बाईसुद्धा. मी पदर डोक्यावरून घेतला. गल्लीत इतकी शांतता की गाडीची चाकं ऐकू येत होती. तू इथं असायला हवी होतीस असं मी म्हणणार नाही. तू असतीस तरी दारातच उभी राहिली असतीस, आम्हां सगळ्यांसारखी.

आता ऐक. ती पेटी तुझ्या आईनं त्या दिवशी हातमोजे घालून उचलली आणि मागच्या शेडमध्ये सायकलींपाशी ठेवली. आजाऱ्याच्या घरची वस्तू, घरात आणायची तिला भीती वाटली. मीही अडवलं नाही. मग कुणाला ती उघडायचं धाडस होईना. तिथं थंडी, दिवसा पत्रा तापायचा, पुन्हा रात्री गार. काल त्यांच्या घरमालकाची माणसं येऊन घर रिकामं करून गेली. खुर्ची, गाद्या, तो पिवळा दिवा, सगळं गाडीत. ते बघवेना म्हणून मी उठले, शेडमध्ये गेले आणि पेटी घरात आणली. तुझ्या आईनंच फडकं आणून दिलं.

पेटी उघडली. तारा उतरवलेल्या नव्हत्या. सगळ्या लावलेल्या. पुसताना फडकं घसरून त्यांवरून गेलं आणि त्या बोलल्या. इरा, मला तुमच्या त्या सुरांतलं काही कळत नाही, पण कॉरीबाईंच्या तिथीला पाठमोरे बसून वाजवायचे ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. तोच होता. आईचा. तेव्हा मला ती खूण कळली. नाही, नाही म्हणजे त्राण नाही असं नव्हतं. उतरवू नकोस, असं होतं. तू आल्यावर बघू म्हणाले होते ना, ते त्यांनी करून ठेवलं होतं, आणि आम्ही ते सायकलींच्या पंपाशेजारी ठेवून दिलं.

पण तोच होता म्हणते तेही पुरतं खरं नाही. दोन तारा हलल्यात, कदाचित तीन. घास घेताना खडा लागावा तसं मध्येच लागतं. कुठली तार, किती उतरली, हे माझ्या कानाला पकडता येत नाही. वरचे सूर मला हल्ली धड ऐकूही येत नाहीत. बाबा म्हणाला, मी फोनवर मोजून ठेवतो. मी म्हटलं, चुकलेलं मोजून काय ठेवायचं? खुंटीला हात लावायची माझी हिंमत नाही, आणि न लावता बसले तरी तारा रोज थोड्या थोड्या उतरणार. माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हातारी काय करू गं? त्या खिडकीखाली बसून ज्यानं ऐकलंय असं माणूस जगात आता एकच उरलंय, आणि ते फोन उचलत नाही.

म्हणून हे पत्र. उद्या तुमची दुपारची जेवणं झाली की मी फोन करीन. तू बोलू नकोस. मीही बोलणार नाही, कीमोरावांचं नावसुद्धा घेणार नाही. गिटार मांडीवर घेईन आणि वरून खाली एकेक तार छेडीन, सावकाश. रडायचं असेल तर रड, मी थांबेन. तू फक्त उचल, आणि त्यातली कुठली चुकतेय ते मला सांग.

वाट बघत बसलेली,
तुझीच,
आजी