ओलसुकं

प्रिय दादा,

शब्दकोशाच्या चौथ्या खंडाची यादी तुझ्याकडून परत आली. आईकडून टिपलेले एकतीस शब्द तू खोडलेस. समितीचा अध्यक्ष म्हणून तुला तो अधिकार आहे. समासात एकच शेरा, एकतीस वेळा: असे बोलू नये.

हा शेरा माझ्या ओळखीचा आहे. तू मास्तर झालास त्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारावर याच मथळ्याखाली आईच्या शब्दांचा कागद डकवला होतास. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून जेवताना तूच तो वाचून दाखवायचास. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून आलेली बाई घास हातात धरून ऐकायची. ‘ओलसुकं’ हा तिचा शब्द. वरून वाळलेला, शिवणीत ओल राहिलेला कपडा. तसाच घडी घालून ठेवला की वास मारतो. तू म्हणालास, असा शब्दच नाही, दमट म्हण. ती म्हणाली, अरे, दमट हवा असते. तू ताट सरकवून उठलास.

पुढे तुझे पाहुणे आले की ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. मला हळूच विचारायची, काय गं, साहेबांना आज कुठला शब्द चालतो? हसायची, पण विचारायचीच. शेवटची सहा वर्षं ती तुझ्याशी फक्त ‘बरं’ एवढंच बोलली. तेवढा एक शब्द तू पास केला होतास. तुला वाटलं, आई सुधारली.

मी कोशात नोकरी धरली ती त्यामुळेच. इथं कुणाला सुधारायचं नसतं. कोण, कधी, काय बोललं ते कार्डावर उतरवायचं आणि कार्ड खणात टाकायचं. धुणीभांडी करणाऱ्यांची, हमालांची कार्डं वाढायला लागली तेव्हा तू नियम केलास: अशा प्रत्येक शब्दाला निदान एका पदवीधराच्या तोंडचं वाक्य हवं. आईचे तीस शब्द त्या नियमाने गेले. मी भांडले नाही.

एकतिसाव्याचं कार्ड सोबत जोडलं आहे. आई गेली त्या दुपारी नर्सने तिचे हात धुतले, आणि तू नर्सवर खेकसलास: अहो, हात ओलसुके ठेवलेत तिचे, नीट पुसा. खाली तारीख, वॉर्ड, तुझं नाव, दोन्ही पदव्या.

छापण्याआधी बोलणाऱ्याला विचारायचं, ही आमची पद्धत. त्यासाठीच हे पत्र. हो म्हणालास, तर आईचा शब्द तुझ्या नावानिशी छापला जाईल, तुझ्याच नियमाने. नाही म्हणालास, तरी कार्ड मी फाडणार नाही. ‘बोलणाऱ्याने नाकारलं’ एवढं त्यावर लिहीन आणि खणात परत ठेवीन. तुला मनाई कशाचीच नाही.

तुझीच, पण आधी तिची,
धाकटी