सव्वीस जानेवारीचा बेत

७ जानेवारी, बुधवार

झालं! नाव आलं! ज्योत्स्ना दिल्लीच्या परेडमध्ये चालणार. एनसीसीच्या मुलींच्या तुकडीत. तिकडच्या कॅम्पात संध्याकाळी दहा मिनिटं फोन मिळतो, त्यातली पहिली दोन ती नुसती हसतच होती. मग म्हणाली, "बाबा, सव्वीसला टीव्ही लावा."

टीव्ही लावा म्हणे! बावीस वर्षं तोफखान्याच्या लंगरात शिजवलं मी. परेडला जाणाऱ्या किती पोरांना पहाटे डबे बांधून दिले, त्याची गणतीच नाही. आणि आता माझी पोर चालणार, तर मी नुसता टीव्ही लावून बसू? सगळ्या गल्लीला बोलावणार. मोठा पडदा लावणार. खाणं असं करणार की देवळाली कॅम्पात दहा वर्षं नाव निघेल.

ललिता म्हणाली, "अहो, आधी तिला चालू तर द्या."

हिचं हे असंच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एका आनंदाला सरळ आनंद म्हणाली असेल तर शपथ.

११ जानेवारी, रविवार

अकबरभाईच्या बेकरीपुढे गल्लीची बैठक. साठ माणसं नक्की. पडदा अकबरभाई आणणार, म्हणाला, "हिरामणभाऊ, पोरगी तुमची एकट्याची नाय, गल्लीची आहे."

समोरच्या घरातला सार्थक कंप्युटरवर नोकरी करतो, त्याला सगळ्यातलं कळतं. "काका, याला वॉच पार्टी म्हणतात. खाण्याला थीम लागते. तिरंगी ढोकळा, तिरंगी सँडविच, आणि निळं सरबत. अशोकचक्राचं!"

माझं डोकंच फिरलं. झेंडा सलाम करायचा असतो का चावायचा? आणि निळं सरबत! अरे, देवाने निळं खाणं केलेलंच नाही. लंगरात निळं काही दिसलं की ते फेकायचं, हा पहिला धडा. असं म्हणालो तसे सगळे हसले. सार्थकही हसला. पोरगं मनाने चांगलं आहे. म्हणाला, "मग तुमची थीम सांगा काका."

गल्लीच्या टोकापासून घरापर्यंत चालत आलो तेवढ्यात सुचली. परेड जशी पडद्यावर पुढे जाईल, तसं एकेक वाढायचं! घोडे आले की घोड्यांचा खुराक: भाजलेले चणे आणि गूळ, कागदाच्या पुडीत. आमच्या तोफा आल्या की मिरचीभजी. तोफखान्याला दुसरं काही शोभतच नाही! उंटांवरचे जवान आले की बाजरीचे वडे, कारण त्यांच्या वाळवंटात तीच पिकते.

कशी आहे थीम? सार्थक, लिही म्हणावं तुझ्या कंप्युटरवर.

१२ जानेवारी

नौदलाला गरम मसाला दूध. पांढरेशुभ्र कपडे ना त्यांचे. पक्कं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ खाऊन झाल्यावर सार्थकने मागच्या वर्षीची परेड मोबाईलवर लावून दिली. हातात घड्याळ घेऊन पूर्ण पाहिली. कुठल्या तुकडीनंतर कोण, कढई कधी ठेवायची, दूध कधी उकळवायचं, सगळं टिपून घेतलं. एनसीसीच्या मुली पडद्यावर अकरा सेकंद होत्या. फक्त अकरा! डोळा मिटला की संपलं.

त्या अकरा सेकंदांना काय वाढायचं, यावर मात्र विचार करावा लागला नाही. गुलगुले. लहानपणी पास झाली की ज्योत्स्ना तेवढंच मागायची. मी सुट्टीवर आलो की बॅग उतरवायच्या आधी कढई चढवावी लागायची. पण गुलगुला गरम पाहिजे. गार झाला की चामडं.

ललिता म्हणाली, "तेव्हा तुम्ही पडद्यापुढून हलायचं नाही. गुलगुले मी तळीन."

"तुला जमतील?" म्हटलं. "तुझे चिवट होतात."

तिळाचा डबा जरा जोरातच बंद केला तिने. पण ठरलं तसंच. माझी पोर चालताना मी कढईपुढे उभा राहणार नाही. ते अकरा सेकंद माझे.

१८ जानेवारी, रविवार

शेजारच्या झुंबरबाई रोज विचारतात, "पोरगी कोणत्या वळीत हाय? मला आदीच सांगून ठेव, मला लांबचं दिसत नाय." आता मला काय माहीत कोणत्या ओळीत? पण दिसली की ओळखीन ना. चालण्यावरून ओळखीन. डावा खांदा जरासा वर असतो तिचा, आईसारखा.

अकबरभाईची एक कल्पना मात्र मानली. शेवटी विमानं जातील तेव्हा साठ गोटी सोडे एकदम फोडायचे! फट् फट् फट्! मी उभा राहून हात मिळवला.

सामान सत्तर पानांचं. लंगरातल्या आमच्या उस्तादांचा नियम: जेवढी माणसं, त्यावर दहा पानं जास्तीची. कोणी मोजत नाही, कोणी शाबासकी देत नाही. पण ती नसली तर एखाद्या दिवशी लंगराची अब्रू जाते.

२४ जानेवारी, शनिवार

गूळ आणायला बाजारात गेलो आणि नेमका तेवढ्यात ज्योत्स्नाचा फोन येऊन गेला. चुकामूक! ललिता म्हणाली, "बरी आहे. थंडी फार आहे म्हणाली." एवढंच. दहा मिनिटांत एवढंच बोलल्या मायलेकी? स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती, भांडी घासत. घासलेलीच परत घासत होती.

मग म्हणाली, "अहो, गुलगुले तुम्हीच तळा परवा."

"आणि परेड?"

"मला नाही जमत तुमच्यासारखे. एवढी माणसं येणार, चिवट झाले तर तुमचंच नाव जायचं. मुली आल्या की मी हाक मारते. दोन पावलं तर आहेत."

एकवीस वर्षांनी कबूल केलं! छाती फुगली खरी. दाढी करताना आरशात बघून हसलो. पाहा, माणूस शेवटी हाताची कला मानतोच.

२५ जानेवारी

मिरच्या चिरल्या. चणे भाजले. पडदा ताणून पाहिला, सुरकुती नाही. झोप नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आधी चांगलं लिहितो.

चणे-गूळ घोड्यांच्या टापांबरोबर गेला. सार्थकने पुड्या अशा वाटल्या की घोडे पडद्यावरून जायच्या आत शेवटच्या माणसाच्या हातात पुडी. मिरचीभजी तोफांबरोबर. तीन म्हातारे डोळ्यांत पाणी आणून खात होते, मिरचीमुळे का तोफांमुळे ते त्यांनाच माहीत. नौदलाला दूध! एक चमचा इकडेतिकडे नाही. छावणीतले आठ-नऊ जवान रस्त्याने चालले होते, पडदा बघून थांबले. जास्तीची दहा पानं तिथे लागली! उस्ताद, तुमचा नियम!

एक सुभेदार म्हणाला, "साहेब, असं लंगर आम्ही बघितलं नाही." साहेब म्हणाला मला.

उंट दिसले तसा मी मागच्या अंगणात कढईपाशी गेलो. धूर माणसांवर नको म्हणून कढई मागे ठेवली होती. ललिताला परत बजावलं, "हाक मार हां!" तिने मान हलवली.

पहिला घाणा उतरवला. दुसरा सोडला. वीस गुलगुले तेलात, आणि पुढून एकदम आरडाओरडा! "ज्योत्स्ना! ज्योत्स्ना!" झुंबरबाईचा आवाज सगळ्यांच्या वर: "ती बघा! ती बघा आपली पोर!"

हाक नाही आली. नुसता गलका आला.

वीस गुलगुले तेलात. दोन पावलं. सोडून पळालो असतो तर दिसली असती. पण तेलात टाकलेलं सोडून जायचं नसतं, हे बावीस वर्षं हाडात मुरलंय. पाय हललेच नाहीत. झारा हलत राहिला. एकही करपला नाही, एकही कच्चा नाही. ताट घेऊन पुढे आलो तर पडद्यावर चित्ररथ चालले होते.

"पाहिली ना हिरामणभाऊ?" अकबरभाईने मिठीच मारली.

"पाहिली," म्हटलं.

काय सांगणार होतो? साठ माणसांना बोलावलं आणि मीच पाहिली नाही?

ललिता खुर्चीवर बसून होती, तोंडाला पदर. मी हळूच विचारलं, "कशी दिसली?"

"सगळ्याच छान चालत होत्या," म्हणाली.

"हाक का नाही मारलीस?"

"राहून गेलं."

राहून गेलं! भाजीत मीठ राहून जातं, हे राहून जातं का? गोटी सोडे फुटले, सगळे नाचले. मीही हात वर केले. गुलगुले सगळ्यात जास्त गाजले. मी एकही खाल्ला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

ललिताशी बोललो नाही. चहा तिने ठेवला, मी घेतला, बस्स.

सार्थकने रेकॉर्डिंग लावून दिलं. यंदा नऊच सेकंद. लांबून, वरून, मग एकदम पाहुण्यांचे चेहरे. तीस वेळा तरी पाहिलं. थांबवून पाहिलं. ओळीओळीने पाहिलं. एक टोपी, एक चाल. डावा खांदा शोधला.

सापडली नाही.

झुंबरबाईने स्क्रीनवर बोट ठेवलं, "ही काय! तिसऱ्या वळीत! नाकावरून वळखली मी." बोटाखाली चार मुली झाकल्या गेल्या.

"हो, हीच," म्हटलं मी.

जिला लांबचं दिसत नाही तिला माझी पोर दिसली, आणि बापाला ओळखता येईना. पहाटे तीनला उठून लहानाची मोठी नाही केली तिला मी, ललिताने केली. मी आपला कुठे बर्फात, कुठे वाळूत, भात शिजवत. असं वाटलं, त्याचंच हे फळ.

२८ जानेवारी

ज्योत्स्नाचा फोन. मीच उचलला. तिने काही विचारायच्या आत बोलून टाकलं, "पाहिलं गं तुला! वाघीण!"

मग म्हणाली, "बाबा... रविवारी सकाळी येते." आवाज बसलेला होता. थंडी असणार.

पोरीशी खोटं बोललो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

१ फेब्रुवारी, रविवार

सगळी गल्ली नाशिकरोड स्टेशनवर! अकबरभाईच्या बेकरीचा टेंपो, हार, ढोल. ज्योत्स्ना उतरली. काळवंडली आहे, गालफडं बसलीत, पण ताठ! झुंबरबाई हार घालायला पुढे झाली तर पोरीने हात धरला तिचा.

"आजी, थांबा. मी परेडमध्ये नव्हते."

ढोलवाला एक थाप मारून थांबला.

"शेवटच्या यादीत मी राखीव होते. कोणी आजारी पडलं तर मी जाणार होते. कोणी पडलं नाही. रोज पहाटे तीनला उठले, सगळ्यांइतकीच चालले. सव्वीसला बाजूला उभी होते. तुम्ही एवढं सगळं केलंत... मला खोटा हार नको."

फलाटावरची माणसंसुद्धा थांबली. पोरीची मान खाली नाही. एकदाही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, सॉरी."

झुंबरबाई म्हणाली, "मग ती नाकवाली कोण व्हती?"

कोणी हसलं नाही आधी. मीच पहिला हसलो. साठ माणसांना दिसली, मला एकट्याला दिसली नाही. मीच बरोबर होतो! माझे डोळे बरोबर होते! तिथे नव्हतीच माझी पोर, तर सापडेल कशी?

"मी पण सांगतो," म्हटलं. "मी परेड पाहिलीच नाही. गुलगुले तळत होतो."

ज्योत्स्ना म्हणाली, "मग फोनवर वाघीण कोणाला म्हणालात?"

"आत्ता समोर उभी आहे तिला!"

सार्थक म्हणाला, "काका, राखीव म्हणजे काय नक्की?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी जास्तीची दहा पानं! ती खाल्लीत ना त्या दिवशी जवानांनी? ती होती म्हणून अब्रू राहिली. राखीवला साधा माणूस घेत नाहीत." आणि मग जे तोंडातून निघालं ते आमच्या नामपूरकडच्या अहिराणीतलं निघालं, "मनी पोर शे ही! मनी!"

हार मी घातला. खरा. ढोल असा वाजला की फलाटावरचा पोलीस आला. त्याने पण विचारलं, परेडला होती का? मी म्हटलं, नाही, राखीव होती. पहिल्यापेक्षा जोरात म्हटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी झोपून उठलो तर तळणीचा वास. कढईपुढे ललिता, शेजारी ओट्यावर ज्योत्स्ना पाय हलवत. दोघी हळू बोलत होत्या. ज्योत्स्ना म्हणत होती, "चोवीसला तुला सांगितलं तेव्हा वाटलं, तू बाबांना सांगशील."

"सांगून सगळा बेत मोडला असता त्यांचा," ललिता म्हणाली. "आणि न सांगता पडद्यापुढे बसवलं असतं, तर सगळ्यांपुढे शोधत बसले असते तुला. ते बघवलं नसतं मला. म्हणून धाडलं त्यांना कढईवर."

मी दारातच उभा. ललिताने वर पाहिलं. एक गुलगुला बशीत घालून पुढे केला.

खाल्ला. हलका. मऊ. माझ्याहून चांगला.

मी अजून चार मागितले.